भांग : ओल्या, वाऱ्याच्या शरदातील उघड्यावरचे पीक

भांग : (लॅ. कॅनाबिस सटायव्हा, कुल–कॅनाबिनेसी). वाख (खोडातील धागा), तेलबी आणि मादक राळ अशा तीन निरनिराळ्या उत्पादनांसाठी पिकविली जाणारी वर्षायू वनस्पती. बिअरला कडवटपणा आणणारी हॉपची वेल याच कुलातील आहे. भांगेची नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात, परागण वाऱ्याने होते आणि बहुतेक प्रकारांत दिनमान आटू लागल्यावरच फुलोरा निघतो. त्यामुळे उघड्या शेतातील पिकाचे यशापयश वर्षभरात एकूण पाऊस किती पडला यापेक्षा फुलोरा भरण्याच्या सहा ते दहा आठवड्यांत हवा कशी राहिली यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत पावसाळी व वाऱ्याचा शरद असलेल्या प्रदेशांतील लागवडीचा विचार केला असून सातारा व सांगली जिल्ह्यांच्या हवामानाशी तिची तुलना केली आहे.

वर्गीकरण व मूलस्थान : लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीची एकच जाती वर्णिली. १७८५ मध्ये लामार्क यांनी भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही दुसरी आणि १९२४ मध्ये यानिशेव्हस्की यांनी रशियातील रानटी झाडांवरून कॅनाबिस रूडेरॅलिस ही तिसरी जाती सुचविली. जाती एक की तीन हा वाद तेव्हापासून चालू आहे. शुल्टेस व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये तीन जातींची बाजू घेतली, तर स्मॉल व क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये एकच जाती मानून तिचे दोन उपप्रकार केले आणि त्यांतील सीमारेषा टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या मादक घटकाच्या ०.३ टक्के प्रमाणावर आखली. ही रेषा सोयीसाठी आखलेली होती. पुढे अनेक देशांच्या कायद्यांत मात्र ती जशीच्या तशी शिरली. सर्व प्रकारांची गुणसूत्रे २० असून त्यांचा आपसांत सहज संकर होतो व संतती सुफल असते, हे लक्षात घेता एका जातीचे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही शेतीच्या दृष्टीने हा वाद पोकळ नाही, कारण रूडेरॅलिस म्हणून वेगळी काढलेली झाडे दिनमानाची वाट न पाहता ठरावीक वयात फुलतात, आणि ओल्या शरदाच्या उत्तरेकडील प्रदेशांत या गुणाला फार मोल आहे.

मूलस्थान मध्य आशिया हे मत दीर्घकाळ रूढ होते. २०१९ मध्ये जीवाश्म परागकणांच्या अभ्यासावरून तिबेट पठाराचा ईशान्य भाग, छिंगहाय सरोवराचा परिसर, हे या प्रजातीचे उगमस्थान असावे असे मांडण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने मानवी लागवडीचा आरंभ पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी झाला असावा असे सुचविले. प्रजातीचा उगम आणि लागवडीचा आरंभ हे दोन वेगळे प्रश्न असल्याने ही दोन्ही मते एकमेकांच्या आड येत नाहीत. भारतातील प्राचीनत्वाबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. अथर्ववेदातील (११.६.१५) ‘भङ्ग’ हीच वनस्पती असे अनेकदा गृहीत धरले जाते, पण ते निर्विवाद नाही. पाणिनीच्या एका सूत्रात (५.२.४) तीळ, उडीद व जवस यांच्या शेतांबरोबर भङ्गेच्या शेताचाही निर्देश आहे, तो वाखाच्या पिकाचा असण्याचा संभव अधिक. मादक औषधी म्हणून तिचा निःसंदिग्ध उल्लेख वैद्यक ग्रंथांत इ. स. अकराव्या शतकाच्या सुमारास येतो, हे भारतीय वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक डॉमिनिक वुयास्टिक यांचे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

दिनमान व फुलोरा : समशीतोष्ण प्रदेशांतील बहुतेक वाणांना फुलोऱ्यासाठी सुमारे १४ तासांहून लहान दिवस लागतो. इंग्लंड, नेदर्लंड्स किंवा फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथे उन्हाळ्यातील दिवस १६ तासांहून मोठा असतो व तो १४ तासांखाली ऑगस्टच्या अखेरीस उतरतो. म्हणजे फुलोरा भरतो तो सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये, नेमका अटलांटिकवरून वादळी वारे आणि रिमझिम पाऊस येऊ लागतो तेव्हा. तापमान घसरत जाते, दव दुपारपर्यंत वाळत नाही आणि कोवळा फुलोरा दिवसचे दिवस ओला राहतो. या प्रदेशांतील लागवडीच्या बहुतेक अडचणी या एका गाठीतून निघतात. लवकर फुलणारा वाण हा त्यावरचा खरा उपाय होय. फिनलंडमध्ये बियांसाठी विकसित झालेला फिनोला हा वाण याच कारणाने उत्तरेत टिकला; तो बुटका असतो आणि पाऊस लागण्यापूर्वी त्याची कापणी उरकते.

सातारा शहर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास ११ मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा असतो. १४ तासांची मर्यादा येथे कधी ओलांडलीच जात नाही. त्यामुळे युरोपीय वाखाचा वाण जूनमध्ये पेरल्यास खोड वाढण्याआधीच तो फुलावर येतो आणि वाखाचे पीक म्हणून वाया जातो. दक्षिणेकडील देशी प्रकार याहून लहान दिवसाची वाट पाहतात, पावसाळाभर उंच वाढतात आणि शरदात फुलतात.

ओलावा व कूज : फुलोऱ्याचा मुख्य शत्रू बॉट्रिटिस सिनेरिया हे करड्या बुरशीचे कवक होय. द्राक्षाची घडकूज करणारे कवकही हेच. त्याला २० अंश से.च्या आसपासचे तापमान, दाट आर्द्रता आणि पृष्ठभागावर काही तास टिकणारे पाणी पुरते. मादी फुलोऱ्यात छद (फुलांलगतची लहान पाने) एकमेकांवर दाटीने बसलेले असतात व त्यांवरील प्रपिंडीय (ग्रंथियुक्त) केसांतून राळ स्रवते; अशा गच्च कणसात शिरलेले पाणी बाहेर पडायला वाव नसतो. कूज आतून सुरू होते आणि बाहेर एखादे पान अकारण पिवळे पडेपर्यंत दिसत नाही. फुलोरा पोखरणाऱ्या अळ्या, विशेषतः हरभऱ्यावर व तुरीवर आपल्याकडे सर्वांना परिचित असलेली घाटे अळी, या कवकाला दार उघडून देतात. पाणी साचलेल्या जमिनीत पिथियममुळे मूळकूज व फ्युजेरियममुळे मर येते. भुरी मात्र पानावर पाणी साचले नाही तरी पसरते, म्हणून ती कोरड्या पट्ट्यातही आढळते. सुट्या, विरळ फुलोऱ्याचे प्रकार कुजीला कमी बळी पडतात; उष्ण व दमट प्रदेशांतील अनेक देशी प्रकारांचा फुलोरा असाच असतो. झाडांतील अंतर, उताराची निचऱ्याची जमीन आणि सकाळचे ऊन यांचे महत्त्व द्राक्षबागेत आहे तेच येथेही आहे. तासगाव–मिरज भागात ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना परतीचा पाऊस गाठतो तेव्हा जे घडते, ते पाहिलेल्या बागायतदाराला या पिकाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाखाच्या पिकाची गोष्ट थोडी निराळी आहे. कापलेली खोडे शेतातच पसरून दवावर कुजवितात, तेव्हा वाख खोडापासून सुटतो. त्यासाठी अधूनमधून ओल लागतेच. शरदातील दव व हलका पाऊस येथे उपयोगी पडतो. सलग झड लागली तर मात्र कूज वाखापर्यंत पोचून धागा कमकुवत होतो.

वारा : वारा या पिकाला मारक आहे तसा तारकही. झुळूक फुलोरा वाळविते आणि वाऱ्यात वाढलेले खोड आखूड व जाड होते. पावसाने जड झालेला फुलोरा आणि जोराचा झोत एकत्र आले की झाडे लोळतात व फांद्या बगलेत फाटतात. फाटलेल्या जागी पुन्हा कवक शिरते. परागकण वाऱ्याबरोबर फार दूर जातात. मोरोक्कोतील शेतांतून उडालेले परागकण समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये नोंदले गेले आहेत. म्हणून बियाण्याचे व राळेचे पीक शेजारी घेता येत नाही. बंगालमधील नौगावच्या गांजाक्षेत्रात मादी फुलोऱ्याचे परागण टाळावे म्हणून नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ हा वेगळा जाणकार नेमला जाई.

सातारा–सांगलीचा शरद : या दोन जिल्ह्यांत शरद एकसारखा नसतो. महाबळेश्वर, जावळी व पाटणच्या पश्चिम भागात पाऊस काही हजार मि.मी. पडतो, कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये फुले येतात तेव्हाही हवा धुक्याने भरलेली असते. तेथील जांभ्याच्या उथळ जमिनीत भांगेसारखे खोल सोटमूळ असलेले पीक रुजणे कठीण. वाऱ्याचा खरा जोर मात्र येथे जून ते ऑगस्टमध्ये असतो. चाळकेवाडी व वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या त्याच वाऱ्यावर. फुलोऱ्याच्या काळात वारा पडतो आणि दिशा बदलतो, ही युरोपच्या तुलनेत अनुकूल बाब आहे. माण, आटपाडी, जत हा पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा वर्षाकाठी सुमारे ५०० मि.मी. पावसाचा असला, तरी त्यातील मोठा वाटा बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो. हस्त व चित्रा नक्षत्रांचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, सोबत वावटळीसारखा झोत असतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडते. हे ऊनच निर्णायक आहे. काळ्या जमिनीला वापसा यायला वेळ लागला तरी झाडाचा शेंडा काही तासांत सुकतो. अरबी समुद्रातील चक्रीवादळांमुळे ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये सलग ढगाळ व ओली हवा राहिली, जसे २०१९ मध्ये झाले, तर हा फरक पुसला जातो. त्या वर्षी सांगलीच्या द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले.

इतिहास व कायदा : भारतीय भांग-अंमलीद्रव्य आयोगाने (१८९३–९४) देशभरातील लागवडीची तपासणी करून संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रण व करआकारणी यांची शिफारस केली. नौगाव व खांडवा ही तेव्हाची प्रमुख क्षेत्रे होती. त्या काळच्या कागदपत्रांतील ‘सातारा जिल्हा’ वाचताना आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्यात धरावा लागतो, कारण दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला व त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. दोन्ही जिल्ह्यांत वाख व दोरासाठी मात्र ताग, अंबाडी आणि घायपात यांचाच वापर रूढ होता.

अंमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ऊस किंवा मक्याच्या आड लावलेली झाडे पकडल्याच्या बातम्या या भागातून अधूनमधून येतात. याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार वाख, बी किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीची परवानगी शासन देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेला परवाना दिला. भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून २०२१ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली.