हळू दाबला की दगा देणारा क्लच

गेल्या पावसाळ्यात सायन सर्कलच्या सिग्नलला मी क्लच पार तळाला दाबून उभा होतो, तरी माझी वीस वर्षं जुनी जीप पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने पुढच्या टॅक्सीकडे सरकायला लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "साहेब, क्लचप्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती) गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

गिअर नीट पडत नाही म्हणजे प्लेट गेली, हा समज गॅरेजमध्ये आणि गाडीमालकांमध्येही पक्का बसलाय. पण प्लेट झिजली की ती निसटते. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही, आणि उड्डाणपुलाच्या चढावर हे लगेच कळतं. माझ्या गाडीचं दुखणं नेमकं उलटं होतं, क्लच सुटतच नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं. रिव्हर्स टाकताना खर्रर्र व्हायचं. इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडायचे. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता.

मारुती ८०० मध्ये पेडलपासून क्लचपर्यंत वायर असायची. माझ्या जीपसारख्या हायड्रॉलिक क्लचमध्ये तेच काम नळीतला द्रव करतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम शाळेत झालाय. पेडलखालच्या मास्टर सिलिंडरचा व्यास १५.९ मिमी धरा आणि दट्ट्या ३० मिमी सरकतो असं समजा. साधारण ६ मिलिलिटर द्रव ढकलला जातो, आणि गिअरबॉक्सजवळच्या १९ मिमीच्या खालच्या सिलिंडरचा दट्ट्या २१ मिमी पुढे येतो. आता नळीत २ मिलिलिटर हवा शिरली असेल तर? दाब वातावरणाच्या वीसपट झाला की बॉइलच्या नियमाने ती हवा ०.१ मिलिलिटरमध्ये मावते. तुमच्या ६ मिलिलिटरपैकी १.९ निव्वळ हवा दाबण्यात गेले, आणि खालचा दट्ट्या १४-१५ मिमीवरच थांबला. एवढ्यात क्लच पुरता सुटत नाही. मिस्त्री 'एअर काढतात' ती हीच.

पण माझ्या गाडीत हवा नव्हती. हवा असली तर पेडल स्पंजासारखं लागतं, पण दाबून धरलं की धरलेलं राहतं. हवा दबते, पळून जात नाही. माझी गाडी मात्र पाय हलवला नाही तरी सरकत होती. गुन्हेगार होता मास्टर सिलिंडरमधला रबरी कप, मिस्त्री ज्याला बकेट म्हणतात. मला तर अख्ख्या गाडीत याच्याइतकी हुशार वस्तू दुसरी दिसत नाही. त्याची पातळ कड दाबाच्या बाजूला उघडी असते. द्रवाचा दाब वाढला की तोच दाब त्या कडेला भिंतीवर घट्ट चेपतो. गळायला निघालेला द्रव स्वतःच स्वतःची वाट बंद करतो! म्हणूनच झिजलेला कप जोरात दाबल्यावर फसवतो. दाब झपकन चढतो, कड चिकटते, क्लच ठणठणीत वाटतो. सावकाश दाबलं की दाब चढायच्या आतच द्रव कडेवरून मागे क्लचच्या द्रवाच्या छोट्या टाकीकडे सरकतो. बाहेर थेंबही पडत नाही. तेव्हा तपासायचं असेल तर पेडल मुद्दाम हळू दाबा, मग धरून ठेवा. हळू दाबल्यावरच गिअर अडत असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

टाकीकडेही बघा, पण ब्रेकचं गणित इथे लावू नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी उतरते. स्वतः ॲडजस्ट होणाऱ्या क्लचमध्ये मात्र प्लेट झिजते तसा खालचा दट्ट्या मागे ढकलला जातो आणि पातळी किंचित चढते. ती उतरली तर कुठेतरी नक्की गळतंय. आधी खालच्या सिलिंडरचं रबरी बूट, म्हणजे टोकावरचं आवरण, उलटून बघा.

क्लचच्या या टाकीतही ब्रेक ऑइलच असतं, आणि ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाही. बाटलीवर लिहिलेले डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलच्या घराण्यातले द्रव, हवेतला ओलावा शोषणारे. मुंबईच्या हवेत तो भरपूर मिळतो. पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि त्या खड्ड्यांवर घासून कपाची कड कातरली जाते. कुणी टाकीत इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगून सगळी सीलं बाद होतात. 'गळती थांबवणाऱ्या' जादूच्या बाटल्याही रबर फुगवूनच चार दिवस धकवतात. बंपरला लिंबू-मिरची लटकवणं त्या मानाने स्वस्त, आणि सीलला निरुपद्रवी.

माझा मास्टर सिलिंडर उघडला तेव्हा द्रव कटिंग चहाच्या रंगाचा होता. नुसतं किट, म्हणजे नवे रबरी कप, टाकून भागलं नसतं, कारण आत नखाला लागतील असे खड्डे होते. कुर्ल्याहून नवा सिलिंडर आणला. प्लेट जुनीच आहे.