नरकमुंगीचा राहिलेला घास

मुंगी चावते तेव्हा तिचे दोन जबडे डावी-उजवीकडून येऊन मध्ये मिटतात. आज माहीत असलेल्या १४,००० हून अधिक जातींपैकी कोणतीही घ्या, रीत हीच. आपला जबडा वर-खाली हलतो, मुंगीचा आडवा. पण दहा कोटी वर्षांपूर्वी काही मुंग्या वर-खाली चावत होत्या आणि त्यांतली एक ऐन चावताना पकडली गेली आहे.

म्यानमारच्या काचिन प्रांतात हुकाँग खोरं आहे. तिथे जमिनीतून तृणमणी निघतो. ‘अंबर’ हा शब्द आता जास्त चालतो, पण तृणमणी मला अधिक नेमका वाटतो. घासला की गवताची काडी ओढून घेणारा मणी, असं त्याचं सगळं वागणंच नावात आलंय. (ग्रीक लोक यालाच ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. विजेचं पाश्चात्त्य नाव तिथूनच आलं.) दिसायला रत्न असलं तरी मूळची ही झाडाची राळ. डिंक नव्हे, डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. खोडाला जखम झाली की ती पाझरते, वाटेत येणारा किडा तिच्यात रुततो आणि वरून दुसरा ओघळ आला की पुरता बुडतो. पुढे गाडल्या गेलेल्या राळेतली उडून जाणारी द्रव्यं निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांत गुंततात आणि लाखो वर्षांत ती दगडासारखी टणक होते. आतल्या किड्याच्या अंगावरचा केससुद्धा मोजता येतो. डीएनए मात्र टिकत नाही. १९९० च्या दशकात तो मिळाल्याचे दावे झाले होते, पण पुन्हा करून पाहताना कुणालाच ते जमलं नाही.

या खोऱ्यातल्या तृणमण्याचं वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं. ते राळेवरून नव्हे, तिच्याभोवतीच्या थरात सापडलेल्या ज्वालामुखीच्या झिरकॉन स्फटिकांवरून काढलं आहे.

१९९६ साली रशियन कीटकतज्ज्ञ गेन्नादी द्लुस्की यांनी इथल्या एका विचित्र मुंगीचं वर्णन केलं. तिचे जबडे विळ्यासारखे होते आणि त्यांची टोकं चक्क कपाळाच्या दिशेने वर वळलेली. त्यांनी नाव ठेवलं ‘हायडोमर्मेक्स सर्बेरस’. हेडीस म्हणजे ग्रीकांचा पाताळाचा देव आणि सर्बेरस त्याच्या दाराशी बसणारा कुत्रा. यमाच्या वाटेवर श्याम आणि शबल असतात, तसा. म्हणूनच या साऱ्या गटाला नरकमुंग्या म्हणतात. आता त्यांच्या डझनभराहून जास्त जाती ठाऊक आहेत. काहींच्या कपाळावर शिंगही असतं.

शिंग कशासाठी? जबडे आडवे मिटत असते, तर समोरच्या शिंगाचा काही उपयोग नव्हता. म्हणून अभ्यासकांनी तर्क केला की जबडे खालून वर झेपावत असणार आणि भक्ष्य शिंगावर दाबलं जात असणार. अडकित्त्यासारखं: एक बाजू स्थिर, दुसरी हलती. २०१७ साली वर्णन झालेल्या ‘लिंग्वामर्मेक्स व्लाडी’ या जातीने तर्काला बळ दिलं. स्कॅनमध्ये तिच्या शिंगात धातूचे अंश दिसले, म्हणजे शिंग आतून मजबूत केलेलं होतं. स्वतःच्याच जबड्याच्या माऱ्याने ते मोडू नये म्हणून, असा अंदाज. शिवाय तिच्या मिटलेल्या जबड्यांमध्ये पन्हळीसारखी खाच तयार होत होती. भोसकलेल्या किड्याचं रक्त त्यातून तोंडाशी येत असावं. ‘व्लाडी’ हे नाव माणसांना सुळावर देणाऱ्या, रोमानियातल्या व्लाड या राजावरून पडलंय, ते उगीच नाही.

तरीही हे सगळं आकारावरून बांधलेलं होतं. जीवाश्मांत हाडं मिळतात, कवचं मिळतात. वागणूक सहसा मिळत नाही. म्हणूनच २०२० साली प्रसिद्ध झालेला खडा इतका मोलाचा. त्यात ‘सेराटोमर्मेक्स एलेनबर्गेरी’ ही लांब शिंगाची नरकमुंगी आहे आणि तिचे जबडे व शिंग यांच्या मध्ये घट्ट धरलेलं आहे झुरळांच्या नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या एका किड्याचं पिल्लू. अडकित्ता मिटलेला, सुपारी आत. राळेत धडपडताना दोघं अशी गुंतली असतील, अशी शंका कुणी काढू शकेल, कारण खडा एकच आहे. पण पकड नेमकी तीच आहे जी आधी नुसत्या तर्काने सांगितली होती, त्यामुळे ती शंका मला फारशी टिकणारी वाटत नाही.

यातून आणखी एक कोडं सुटतं: यांचे चेहरे असे का? आजच्या मुंग्यांत जबड्यांची गाठ एकमेकांशी असते. कपाळ कसंही असलं तरी बिघडत नाही. नरकमुंगीत जबड्याची जोडी कपाळाशी. जबडा लांबला तर शिंगही लांबायला हवं, नाहीतर भक्ष्य निसटणार. म्हणून दोन्ही जोडीने बदलत गेले आणि एवढे चमत्कारिक चेहरे तयार झाले.

त्या काळी मुंग्यांचं राज्य नव्हतं. क्रिटेशस काळातल्या (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या) तृणमण्यांत सापडणाऱ्या कीटकांमध्ये त्यांचा वाटा एक टक्काही भरत नाही. नरकमुंग्या मात्र दूरवर पसरल्या होत्या: फ्रान्समध्ये आहेत, कॅनडात ७ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या राळेतही आहेत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी क्रिटेशस संपला, त्यानंतरच्या कोणत्याही थरात त्या दिसत नाहीत. आजच्या मुंग्यांचे पूर्वज मात्र तगले.

काचिनच्या खड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे लष्कर आणि बंडखोरांचा संघर्ष चालू आहे आणि तृणमण्याचा पैसा त्यात मुरतो. म्हणूनच २०२० मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संघटनेने अशा खड्यांवरचं संशोधन प्रसिद्ध करणं थांबवण्याचं आवाहन केलं. इतका सुंदर पुरावा अशा वाटेने हाती यावा, हे मला खटकतं.

२०२५ साली आणखी जुनी नरकमुंगी जाहीर झाली, ‘व्हल्कानिड्रिस क्राटेन्सिस’. ती ब्राझीलची, वय ११ कोटी ३० लाख वर्षं, आणि तृणमण्यात नव्हे तर चुनखडीत दबलेली. साओ पाउलोच्या एका संग्रहालयातल्या साठ्यात ती होती. दगड फोडायची गरज पडली नाही, स्कॅनमध्ये तोंड दिसलं आणि जबडे वर वळलेलेच निघाले. सर्वांत जुनी निर्विवाद मुंगी ही, आणि हिचाही अडकित्ता पूर्ण तयार. तिच्या आधीची, साध्या तोंडाची मुंगी अजून कुठल्या दगडात सापडलेली नाही, राळेतही नाही.