पत्ता भारताचा, मशीन सिंगापुरात

रात्रीची जेवणं आटोपून न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ मराठी मालिका लावायला बसला, तर पडद्यावर ओळ आली: ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.’ टीव्हीला देश कुणी सांगितला? त्यात जीपीएससुद्धा नव्हतं.

आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला मिळणाऱ्या आकड्यांनी सांगितलं. गंमत म्हणजे त्या आकड्यांत देशाचं नाव कुठेच नसतं. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे 430 कोटी. पाच प्रादेशिक संस्था त्यांचे गठ्ठे वाटतात. भारताचे गठ्ठे जिच्याकडून येतात ती एपनिक ही संस्था ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला आहे. कोणता गठ्ठा कुणाकडे गेला हे आणि इतर खुणा जुळवून काही कंपन्या ‘हा पत्ता अमुक गावचा’ अशी वही तयार करतात. व्हिडिओवाले ती वही बघतात, एवढंच.

वहीच ती, चुकते. अमेरिकेतल्या ज्या पत्त्यांचं गाव कळेना, त्यांच्यापुढे मॅक्समाइंड कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू लिहून टाकला. तो नेमका कॅन्ससमधल्या एका शेतघरापाशी पडला. 60 कोटींहून जास्त पत्ते एकाच अंगणात! कुणाचा तरी माग काढत पोलीस तिथे येऊन धडकायचे. 2016 मध्ये बोभाटा झाल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

व्हीपीएन, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरायची सोय. तिचं सगळं चालतं ते या वहीच्या भरवशावर. पूर्वी पत्रावर ‘द्वारा श्री. अमुक’ लिहायचे ना, तसंच. टीव्हीची मागणी कुलूपबंद पाकिटातून मधल्या सर्व्हरकडे जाते. तो पाकीट फोडून आतली मागणी स्वतःच्या पत्त्यावरून पुढे धाडतो. व्हिडिओवाल्याला दिसतो तो फक्त ‘द्वारा’वाला. 2022 मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपायला सांगितली, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘भारत’ मात्र राहिला. मशीन सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये, पत्ता वहीत भारताचा.

चित्रपट-मालिकांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे व्हिडिओवाल्यांना पहारा ठेवावाच लागतो. एकाच पत्त्यावरून शेकडो घरं मालिका बघू लागली आणि तो पत्ता डेटा सेंटरचा निघाला, की तो काळ्या यादीत जातो. नेटफ्लिक्सने जानेवारी 2016 मध्ये हे धोरण जाहीरच केलं होतं.

म्हणून आतेभावाने पुण्यात आत्याच्या टीव्हीमागे पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला आणि त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर चढवलं, म्हणजे ‘द्वारा’वाला आता आत्याचंच घर. व्हिडिओ कंपनीच्या अटींत हेही बसत नाही, पण पत्ता घरगुती, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. अडचण निराळीच निघाली. आत्याची इंटरनेट कंपनी एकच जाहीर पत्ता अनेक घरांत वाटते. बाहेरून कडी वाजली तर ती कुठल्या दाराची, हेच कळेना. स्थिर पत्त्याचे जादा पैसे भरावे लागले. शिवाय व्हिडिओ आता आत्याच्या घरून बाहेर जाणार, म्हणजे डाउनलोड नव्हे, अपलोडचा वेग हवा. एचडीला साधारण 5 एमबीपीएस.

तेही जमलं. तरी मालिका दिसेना. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच असतात, आणि आत्याला झोपताना राऊटर बंद करायची सवय. आता त्या बटणावर चिकटपट्टी आहे.