रेफ्रिजरेटर मदर

आईने माया न केल्यामुळे मूल ऑटिस्टिक होते (म्हणजे त्याची इतरांशी संवाद साधण्याची आणि वागण्याची रीत वेगळी होते), असे सांगणारी विसाव्या शतकातील मानसोपचारातली कल्पना. अमेरिकेत १९५० आणि ६०च्या दशकांत तिला मोठी मान्यता होती. ती साफ चुकीची होती, आणि तिच्यापायी असंख्य आया स्वतःलाच दोष देत जगल्या.

नावाचे मूळ बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या लेखनात सापडते. १९४३ साली त्यांनी ११ ऑटिस्टिक मुलांची निरीक्षणे एका निबंधात प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला मुलगा मिसिसिपीतील डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वकील वडिलांनी कॅनर यांना ३३ पानी टंकलिखित पत्र पाठवले होते आणि डोनाल्डची पहिली ओळख त्यातूनच झाली. त्या बारकाईत कॅनर यांना मात्र बापाच्या काळजीपेक्षा अतिरेकी काटेकोरपणा दिसला. याच निबंधात दुपारच्या झोपेनंतरचा एक प्रसंग आहे. डोनाल्डला खाली उतरायचे असले की तो आईला सांगे, ‘डॉन, तुला खाली उतरायचंय का, असं म्हण.’ आई तसेच म्हणे. मग तो सांगे, ‘आता बरं म्हण.’ मुलाचे ठरलेले बोल त्याच क्रमाने म्हणणाऱ्या या बाईत थंडपणा कुठे होता?

ही स्थिती जन्मजात असावी, असे त्या निबंधाच्या शेवटी कॅनर यांनीच म्हटले होते. तरी १९४९च्या लेखात त्यांनी लिहिले की, ही मुले बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी वाढली. पुढे शिकागोतील ऑर्थोजेनिक शाळेचे (भावनिक अडचणी असलेल्या मुलांच्या निवासी शाळेचे) प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांनी ही कल्पना घरोघरी पोहोचवली. ते स्वतः नाझी छळछावण्यांतून वाचलेले. १९६७च्या पुस्तकात त्यांनी ऑटिस्टिक मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे पहारेकऱ्याच्या जागी आई आली! मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे हा त्यावरचा उपचार ठरला.

या कल्पनेला पहिला मोठा धक्का एका बापाने दिला. नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. उपलब्ध संशोधन चाळून त्यांनी १९६४ साली कारण जैविक असल्याचे मांडले. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांचा जुळ्यांचा अभ्यास आला. एकसारख्या, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले ऑटिस्टिक होती, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. नमुना लहान, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारा. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी तेच पक्के केले.

ऑटिझमसाठी मराठीत वापरला जाणारा ‘स्वमग्नता’ हा शब्दही मूल स्वतःतच बुडालेले असल्याचे सुचवतो. अनेक ऑटिस्टिक मुलांना माणसे हवी असतात; फक्त त्यांची हाक निराळी असते. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईला मात्र घरात आजही ऐकावे लागते, ‘तू नोकरीला जातेस, म्हणून पोर बोलत नाही.’ तपासणीच्या खोलीत हीच आई मुलाने पहिला शब्द कधी उच्चारला, कोणत्या आवाजाने ते कान झाकते, कोणती वाटी दिली नाही तर जेवत नाही, हे सगळे सांगते, आणि निदानाचा मोठा भाग तिच्या या सांगण्यावर उभा राहतो.