नागपूरच्या शाळांतले सर कमी का झाले?

नागपुरातल्या खासगी इंग्रजी शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत शिकूनही मुलाला एकही पुरुष शिक्षक भेटत नाही, हे आता सर्रास झालं आहे. भेटलेच तर पीटीचे सर. काटोल-उमरेडकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र गुरुजी अजून दिसतात. देशाच्या पातळीवर युडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या, २०२४-२५ च्या नोंदीत शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या वर गेली आणि त्यात महिला ५४.२ टक्के होत्या. खासगी विनाअनुदानित शाळांत बायकांचं प्रमाण याहूनही जास्त असतं.

‘बायका आल्या म्हणून पुरुष मागे पडले’ असं पालकसभेत ऐकू येतं. मागचा इतिहास पाहिला तर हे पटत नाही.

एकोणिसाव्या शतकात शिकवणं हे बहुतांशी पुरुषाचंच काम होतं. मुलींच्या शाळांतही पुरुष मास्तर असत. तिथे हळूहळू स्त्रिया नेमाव्यात अशी शिफारस ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगाला करावी लागली. पण शिकलेल्या स्त्रिया आणायच्या कुठून? आणि शिकलेली एखादी मिळालीच, तरी तिला वर्गात टिकू द्यायला समाज तयार होता का? उमरेडला १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरींची हकीकत नागपूरकराने विसरू नये. कामठीकडे ओझी वाहून पोट भरणाऱ्या या बाईंना ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी वाचायला शिकवलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका केलं. अस्पृश्य बाई मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालक बिथरले आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या खचल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा काढली. शिक्षिकेची जागा कोणी आयती दिलेली नाही, ती अशी मिळवावी लागली आहे.

पुढे वाट मोकळी होत गेली. नागपुरात १९३२ मध्ये मुलींसाठी एलएडी कॉलेज निघालं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक आणि शक्यतो त्यांतली एक स्त्री असावी असं ठरवलं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत महिलांना तीस टक्के आरक्षण मिळालं. पण या सगळ्या काळात पुरुषही मोठ्या संख्येने मास्तरकीत येतच होते, कारण त्या नोकरीवर घर चालत होतं. १९७७ च्या कायद्याने खासगी शाळेतल्या शिक्षकालाही सेवेचं संरक्षण दिलं होतं. अनुदानित शाळेत पगार सरकारचा, निवृत्तीनंतर पेन्शन. बारावी, दोन वर्षं डी.एड. आणि मग नोकरी, हा विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाचा घराबाहेर पडायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग होता. मास्तर मुलगा म्हणजे लग्नाच्या बैठकीत पक्कं स्थळ.

हा भरवसा मोडला, आणि तो सरकारच्या निर्णयांनी मोडला असं माझं स्पष्ट मत आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पूर्ण पगाराऐवजी प्राथमिकला महिना तीन हजार मानधन, तेही तीन वर्षं. त्याच सुमारास नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही, या अटीवर परवानग्या मिळू लागल्या. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण अनुदान टप्प्याटप्प्याने आणि फार उशिरा आलं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष मोजणीत, बोगस विद्यार्थी उघड झाले, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २ मे २०१२ पासून खासगी अनुदानित शाळांतली भरती थांबवण्यात आली. जिल्हा परिषदांतही २०१० नंतरची मोठी भरती २०१९ मध्येच, पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळामधून झाली. मधल्या काळात टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग अभियोग्यता चाचणी. गावोगाव निघालेली डी.एड. कॉलेजं ओस पडली, आणि ज्यांच्या हाती पदविका होती त्यांची उमेदीची वर्षं वाट पाहण्यात गेली.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हा इतिहास नागपूरच्या रस्त्यावर उतरतो. यशवंत स्टेडियमजवळच्या मंडपांत वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर शिकवणारे विनाअनुदानित शिक्षक बसतात. कोणी शाळेनंतर शेती करतो, कोणी खासगी शिकवणी घेतो. ते पाहून त्यांच्या धाकट्या भावाने डी.एड.ला जावं कशाला? नोकरी पैसे देऊन मिळते, हा समजही तरुणांना लांब ठेवतो. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा, म्हणजे सरकारी पगारासाठी शिक्षकाला लागणाऱ्या क्रमांकाचा, घोटाळा उघड झाल्यावर तो आणखी घट्ट झाला.

शहरातल्या विनाअनुदानित शाळा कमी पगारावर शिक्षक शोधतात. घरात दुसरी मिळकत असेल आणि शाळेची वेळ मुलांच्या वेळेशी जुळत असेल, तर बाई तो पगार स्वीकारते. तिच्या श्रमाचं मोल कमी धरलं जातं म्हणूनच ही व्यवस्था चालते. कर्त्या पुरुषाने घर चालवावं अशी अपेक्षा असल्याने तो कारखान्याकडे, स्पर्धा परीक्षेकडे किंवा पुण्याकडे वळतो. नुकसान दोघांचंही आहे.

अलीकडे एक वेगळं कारणही जोडलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर पुरुष कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचं उघड झालं, त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांवर सरकारने भर दिला. ते आवश्यकच होतं. पण लहान वर्गांवर पुरुष शिक्षक नकोच, अशी पालकांची भावनाही त्यातून बळावली.

बाई शिकवते की सर, यावर मुलाचे गुण ठरत नाहीत. तरीही सातवी-आठवीतल्या मुलाला आपल्या अडचणी सांगायला, मैदानावर सोबत उतरायला, पुरुषाने प्रेमाने आणि संयमाने वागताना पाहायला शाळेत कोणी तरी हवं. वडील दिवसभर बाहेर असलेल्या वस्त्यांत ही गरज जास्त आहे.

२०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मानधन प्राथमिकसाठी सोळा, माध्यमिकसाठी अठरा आणि उच्च माध्यमिकसाठी वीस हजार झालं. पवित्र पोर्टलमधून पुढच्या नेमणुकाही झाल्या. खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र ना हे पोर्टल लागू, ना हे मानधन, आणि शहरातल्या ज्या वर्गांत सर दिसत नाहीत ते वर्ग बहुतेक याच शाळांतले आहेत.