ती सात पुस्तकं कुणी घातली, कुणी काढली?

"कॅथलिकांनी १५४६ साली बायबलमध्ये सात पुस्तकं घुसडली," असं एक बाजू, म्हणजे प्रोटेस्टंट, सांगते. "ल्यूथरने (प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन सुधारक) ती काढून फेकली," असं दुसरी, म्हणजे कॅथलिक. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि त्यामुळे शेजारी राहणारी ख्रिस्ती माणसं उगाच एकमेकांना दोष देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, ही ती सात. बायबलचा पहिला भाग म्हणजे जुना करार. त्याच्या ग्रीक प्रतीत ती होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. वादाचं मूळ इथे आहे. लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने त्यांना दुय्यम मानलं. पण ३९७च्या कार्थेजच्या धर्मसभेच्या यादीत ती आहेत, १४४२च्या फ्लॉरेन्सच्या धर्मसभेच्या यादीतही आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली नवं काही घातलं नाही, जुनी यादी बंधनकारक केली.

आणि ल्यूथर? त्याचं १५३४चं जर्मन बायबल उघडा. दोन करारांच्या मधोमध ही पुस्तकं छापलेली आहेत. वर शीर्षक: पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली. १६११च्या इंग्रजी बायबलातही ती होती. प्रोटेस्टंट प्रतींतून ती सर्रास गळली ती एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या बायबल सोसायटीने त्यांच्यासाठी पैसा देणं थांबवल्यावर.

खरा मतभेद अधिकाराचा आहे. कॅथलिक पवित्र शास्त्राबरोबर, म्हणजे बायबलबरोबर, चर्चच्या परंपरेलाही मान देतात. प्रोटेस्टंटांसाठी शेवटचा शब्द शास्त्राचाच.