संवादफेक

संवादफेक (किंवा शब्दफेक) म्हणजे संहितेतले वाक्य नट ज्या पट्टीत, वेगात, आघाताने आणि हेतूने बोलतो ती सारी क्रिया. कोण, कोणाला, कशासाठी बोलते आहे हे ठरेपर्यंत लिहिलेल्या वाक्याचा अर्थ अर्धाच असतो.

मराठवाड्यातल्या घरात रात्री उशिरा परतलेल्या मुलाला आई म्हणते, "आलास व्हय?" 'आलास'वर श्वास सुटला तर जिवाचा घोर संपला. 'व्हय' लांबले तर तो जाब. मान वर न करता, भाकरी थापता थापता सपाट म्हटले तर राग, आणि तोही आजचा नव्हे. हे तीन सूर पाठ करून कोणी म्हटले तर मात्र तीन नकला होतील. आईला काय हवे आहे, मुलाने जवळ बसावे, खजील व्हावे की निमूट जेवून झोपावे, हे नटीच्या मनात पक्के असेल तर सूर शोधावा लागत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात हा विषय वाचिक अभिनयात, म्हणजे वाणीने करायच्या अभिनयात, येतो. पाठ्याचे, म्हणजे नटाने म्हणायच्या मजकुराचे, गुण सांगताना भरत सात स्वर, उर, कंठ व शिर ही तीन स्थाने, चार वर्ण (उच्चाराचे चढउतार), सहा अलंकार (उंच, नीच, द्रुत अशा आवाजाच्या छटा), सहा अंगे (बोलणे तोडणे, जोडणे, चढवणे, उतरवणे अशी) आणि काकु यांचा विचार करतो. काकु म्हणजे आवाजाचे अर्थ बदलणारे वळण. ती दोन प्रकारची : बोलणे पुरे झाल्यावरही अर्थ काहीतरी मागत राहतो ती साकांक्ष, अर्थ तिथेच मिटतो ती निराकांक्ष. वरच्या आईचा जाब साकांक्ष आहे. त्याला उत्तर हवे आहे.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (1863–1938) याने हेतूला अभिनयाच्या केंद्रस्थानी आणले : पात्राला या क्षणी काय साधायचे आहे, आणि शब्दांखालून कोणता अर्थ वाहतो आहे. त्याच्या मॉस्को आर्ट थिएटरमधल्या एका नटाची आठवण भाषाशास्त्रज्ञ रोमान याकॉबसन याने नोंदवली आहे. या नटाला 'आज संध्याकाळी' एवढेच शब्द 40 निरनिराळ्या अर्थांनी म्हणायला लावले होते. त्याने आधी 40 प्रसंगांची यादी केली, मग तोंड उघडले. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

मराठवाड्याला ही जाण पुस्तकातून आलेली नाही. पैठणच्या संत एकनाथांच्या (1533–1599) भारुडांत प्रत्येक वाक्याला दोन तळ असतात. विंचवाच्या भारुडात विंचू चावलेला माणूस विव्हळतो, लोक हसतात, आणि तो विंचू काम-क्रोधाचा आहे. भारूडकाराने नुसती ठणक दाखवली तर सोंग उरते, नुसता उपदेश केला तर लोक उठून जातात. ठणक खरी वाटली तरच पुढचा अर्थ झोंबतो. ही कसरत तो एकाच सुरात करतो.

इथल्या बोलीचा हेलही अर्थ वाहतो. "बस की" यातला 'की' खाली उतरला तर आग्रह, तोडून म्हटला तर वैताग. "काय करायलास?" ही चौकशी असते, तसाच दमही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नांदेड-परभणीकडे तालमी होतात, तेव्हा होतकरू नट बरेचदा हा हेल पुसून प्रमाण उच्चार चढवतात. उच्चार स्वच्छ होतो, पण ज्या सुरात तो माणूस घरी रागावतो, विनवतो, तो सूरच हाती राहत नाही. उलट टोकाला बोली केवळ हशा मिळवण्यासाठी वापरली जाते. तिथे हेल ऐकू येतो, माणूस कोणाशी का बोलतो आहे ते कळत नाही. हे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे, कारण प्रेक्षक ती बोली ऐकताच हसायला शिकतो आणि त्या बोलीतले दुःख त्याच्यापर्यंत पोचत नाही.

विरामालाही हेच लागू. पॉज मोजून घेतला की तो रिकामा दिसतो. समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकले असेल, तर उत्तर द्यावे की गिळावे हे ठरायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच त्याची लांबी.